विजेची जवारी : ओव्हरड्राइव्ह पेडलांची पारख

(इंदरगंज येथील मंडळाच्या सभागृहात, श्रावणातल्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीगजाननाला वंदन करून बोलायला उभे राहतो. ग्वाल्हेरसारख्या गावात संगीतावर बोलायचे म्हणजे काशीत जाऊन गंगाजल विकण्यासारखे आहे. त्यातून आमचा विषय ख्याल नाही, टप्पा नाही, तराणाही नाही. विषय आहे इलेक्ट्रिक गिटारचे ओव्हरड्राइव्ह पेडल. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही, कार्यकारिणीने तो आमच्याकडे सोपवला.

कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मुलामुलींनी एका संध्याकाळी गिटार, कीबोर्ड, ढोलकी आणि ड्रम घेऊन पाऊण तास कार्यक्रम केला. पुढच्या दोन रांगांतली बरीच ज्येष्ठ मंडळी मध्येच उठून गेली. दुसऱ्या दिवशी बैठकीत कोणी म्हणाले, "पुढल्या वर्षी गिटार नको." मुलांच्या बाजूने कोणी म्हणाले, "मग पुढल्या वर्षी आम्हीही नको." दोन्ही वाक्ये रागाच्या भरातली होती, पण दोन्ही खरी होण्याची शक्यता होती. पुण्याला, बंगळूरला, गुडगावला नोकरीसाठी गेलेली आपली पंचविशीतली मुले गणपतीला रजा काढून येतात. पंगतीत वाढायला, आरतीला टाळ वाजवायला येतात आणि त्या एका संध्याकाळीसाठी येतात. ती संध्याकाळ गेली तर रजेचे अर्ज किती पडतील, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

म्हणून कार्यकारिणीने आम्हांला दोन प्रश्न दिले. गिटारची ती कानाला बोचणारी 'चर्रर्र' टाळता येते का? आणि मंडळाच्या कपाटासाठी एखादे पेडल घ्यायचे झाले, तर कोणते घ्यावे? मुलांच्या मित्रांकडून मागून आणलेली चार पेडले आम्ही याच सभागृहात चार संध्याकाळी ऐकली. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी वस्तू समजून घेऊ. पेडल म्हणजे पायाने दाबायची धातूची एक छोटी डबी. गिटारची वायर तिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने निघून ॲम्प्लिफायरला जाते. डबीवर दोन-तीन चाव्या असतात. पाय दाबला की आवाजाचे रूप बदलते, पुन्हा दाबला की मूळ आवाज परत येतो. अशी पेडले अनेक प्रकारची असतात. कुठले आवाजाला प्रतिध्वनी देते, कुठले हेलकावे देते. आपल्याला ज्याच्याशी काम आहे ते ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाजाला खरखर, धार आणि दीर्घ दम देणारे.

ही खरखर मुळात दोष म्हणून जन्माला आली. जुन्या काळी ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत, आपल्या आजोबांच्या रेडिओत असत तसे. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा नाद दिला की तो नादाची टोके छाटून टाकतो. डोंगराचा माथा कापून पठार करावे, तसे स्वरलहरीचे माथे सपाट होतात. कानाला ते फाटल्यासारखे, पण भरदार वाटते. १९५१ साली मेम्फिसला 'रॉकेट ८८' नावाचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गिटारचा ॲम्प्लिफायर नादुरुस्त होता आणि तसाच वापरला गेला. लोकांना तो आवाज आवडला. १९६४ मध्ये 'किंक्स' या इंग्रजी वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने कापून मुद्दाम तसा आवाज काढला. त्याआधी १९६२ मध्येच अमेरिकेत हा परिणाम देणारी पहिली डबी बाजारात आली होती. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या एका गाण्याने ती घरोघर पोचवली. पुढे १९७७ मध्ये जपानच्या 'बॉस' कंपनीने ओडी-१ हे पेडल काढले. कान फाडणारी फझ नको, तापलेल्या व्हॉल्व्हचा मऊ फाटलेपणा हवा, असा त्यामागे विचार होता. 'ओव्हरड्राइव्ह' हे नाव तिथून रूढ झाले.

आता ज्येष्ठांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे हा विचार नवा नाही. तानपुऱ्याची जवारी आठवा. घोडीचा माथा सपाट, किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या माथ्याला टेकत-सुटत कंप पावते आणि तारेखाली सरकवलेला सुताचा धागा, ज्याला आपण 'जीव' म्हणतो, तो ती टेकण्याची जागा नेमकी ठरवतो. तार जर स्वच्छ, एका टोकाला बांधल्यासारखी कंप पावली असती तर नाद कोरडा निघाला असता. ती घोडीला घासते म्हणून नादातून उपस्वरांचा पिसारा फुलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. तारेच्या कंपनाचा पाश्चात्त्य नियम सांगतो, की जिथे तार छेडली तिथे ज्या उपस्वराला कंप नसतो तो उपस्वर ऐकू येऊ नये. आपल्या वाद्यांत तो ऐकू येतो, आणि ते घोडीमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या मिरजेचे कारागीर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या कानाने करत आले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेव्हा जवारी म्हणजे तरी काय? स्वच्छ नादात मुद्दाम, मोजून-मापून आणलेली अशुद्धता. जवारी बंद असली तर तानपुरा मुका वाटतो, फार उघडली तर तो पत्र्यासारखा वाजतो. ओव्हरड्राइव्ह पेडलाचे सारे भांडण याच मापाचे आहे. फरक इतकाच, की तिथे घोडी कानशीने घासतात आणि इथे विजेचा प्रवाह डायोड नावाच्या बारीकशा सुट्या भागाने छाटतात.

छाटल्यावर नादात कोणते स्वर येतात, हे सरगममध्ये सांगता येते. गिटारवर एक सा वाजवला असे धरा. त्याच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिप्पट म्हणजे त्या सप्तकातला पंचम. चौपट म्हणजे पुन्हा सा, आणखी वरचा. पाचपट म्हणजे गंधार, तोच तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार. सातपट म्हणजे नेहमीपेक्षा थोडा उतरलेला कोमल निषाद. लहरीचे वरचे आणि खालचे माथे सारखेच छाटले तर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वर वाढतात. एक बाजू जास्त आणि दुसरी कमी छाटली तर सम उपस्वरही मिसळतात, म्हणजे सा ला वरच्या सा ची साथ मिळते. सारखे छाटणारे पेडल नादाला पंचम-गंधाराची धार देते, असमान छाटणारे षड्जाचा भर देते. पेडलांमधला पहिला मोठा भेद हा आहे.

दुसरा भेद छाटण्याच्या रीतीचा. काही पेडलांत डायोड ॲम्प्लिफायर चिपच्या परतीच्या वाटेवर बसवलेले असतात. तिथे माथा गोलसर दबतो, मूळ नादाचा काही भाग अखंड राहतो. याला मऊ छाटणी म्हणू. काही पेडलांत डायोड नाद निघण्याच्या वाटेवर थेट जमिनीला जोडलेले असतात. तिथे माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. ती कठोर छाटणी. अशी पेडले डिस्टॉर्शन म्हणून विकली जातात. मुलांच्या बोलण्यात दोन्ही नावे एकाच अर्थाने येतात, पण वस्तू वेगवेगळ्या आहेत.

आता आमच्या चार संध्याकाळी. गिटार एकच, वाजवणारा मुलगा एकच, ॲम्प्लिफायर एकच, तोही पंधरा वॅटचा छोटा. तीन गोष्टी वाजवायच्या ठरवल्या. पहिली, यमनच्या अंगाची एक संथ सुरावट, मींडेसकट. दुसरी, ढोलकीबरोबर ठसक्याची ताना-तुकड्यांची साथ. तिसरी, अभंग गाणाऱ्या मुलीमागे हळुवार झंकार. ऐकणाऱ्यांत मुले होती, तानपुरा जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या एक काकू होत्या आणि गेल्या वर्षी उठून गेलेले दोन काका होते. त्यांना बोलवायचेच असे आम्ही ठरवले होते. वाजवणाऱ्यापुढे पडदा धरला, म्हणजे कुठली डबी चालू आहे हे कोणाला दिसू नये.

एक दक्षता विशेष घेतली. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. दुकानात दोन पेडले ऐकताना जे किंचित जास्त जोरात लावलेले असते तेच लोक विकत घेतात. म्हणून फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने चारही पेडलांची पातळी सारखी केली. या एका गोष्टीने निम्मे वाद मिटले. जे पेडल 'फार मोठे वाजते' असे काकांनी सांगितले ते काट्यावर इतरांएवढेच होते. त्यांना बोचत होती ती नादाची धार. जोर आणि धार हे दोन वेगळे अवगुण आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

पहिले पेडल आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर, टीएस-९. याचा पूर्वज टीएस-८०८ जपानमध्ये १९७९ साली निघाला आणि टीएस-९ त्यामागून १९८२ मध्ये आले. हिरवी डबी, तीन चाव्या : खरखर किती, टोन किती, आवाज किती. छाटणी मऊ आणि दोन्ही बाजूंना सारखी. याचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे खर्जाचे स्वर हे फारसे छाटत नाही, फार वरचे स्वर दाबते आणि मधला पट्टा पुढे आणते. माणसाच्या गळ्याचे तेज असते त्याच्या आसपासचा हा प्रदेश. म्हणून संथ सुरावट यावर एखाद्याने मोकळ्या आवाजात गावी तशी आली. काकूंनी पडद्याआडून विचारले, "हे काय, गिटार की कोणी आ लावला?" अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याने हे पेडल जगप्रसिद्ध केले. पण जो गुण सुरावटीला तारतो तोच अभंगामागे नडला. गाणाऱ्या मुलीचा आवाज आणि गिटार एकाच पट्ट्यात भेटले आणि एकमेकांना ढकलू लागले. हे पेडल पुढे येऊन वाजवणाऱ्याचे आहे, साथीला वापरायचे तर हात आवरावा लागतो.

दुसरे, बॉसचे एसडी-१, सुपर ओव्हरड्राइव्ह, १९८१ पासून आजवर चालू असलेले. पिवळी डबी, चाव्या तीनच. बांधणी ट्यूब स्क्रीमरच्या नात्यातली, छाटणीही मऊ, पण असमान. ओडी-१ कडून आलेली ही खूण. मघाशी सांगितलेला षड्जाचा भर इथे ऐकू येतो. खरखर थोडी उघडी, मधला पट्टा पुढे येतो पण टीएस-९ इतका चढत नाही. सुरावटीत ते टीएस-९ च्या किंचित मागे राहिले, ढोलकीबरोबर मात्र सर्वांत उठून दिसले. खरखरीची चावी अगदी कमी ठेवली तर अभंगामागेही चालले. चौघांत सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारे हेच.

तिसरे, बॉसचेच बीडी-२, ब्लूज ड्रायव्हर, १९९५ चे, निळे. यात आधीच्या दोघांसारखी चिपभोवतीची छाटणी नसून सुट्या ट्रान्झिस्टरांच्या पायऱ्या आहेत. हे हाताचे सर्वांत जास्त ऐकते. तार हलकी छेडली तर नाद जवळजवळ स्वच्छ, जोरात छेडली तर फाटतो. अभंगामागे हे पहिल्या क्रमांकाचे ठरले. वाजवणारा मुलगा म्हणाला, "यात चूक लपत नाही." खर्ज भरपूर आणि वरचे स्वरही मोकळे. मात्र टोनची चावी अर्ध्यापुढे गेली की ते तीक्ष्ण होते आणि खरखरीची चावी शेवटाकडे नेली की ओव्हरड्राइव्हचे फझ होते. समजून वाजवणाऱ्याच्या हाती द्यावे, नवशिक्याच्या हाती देऊ नये.

चौथे, प्रो-को कंपनीचे रॅट. नाव उंदराचे, तेव्हा गणेशोत्सवात याला मानाने बसवायला हवे, असे एका काकांनी सुचवले! अमेरिकेतल्या कॅलमझू गावी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे तयार झाले. छाटणी कठोर. खरे तर हे ओव्हरड्राइव्ह नव्हेच, डिस्टॉर्शन आहे. तुलनेसाठी मुद्दाम आणले होते. याची फिल्टरची चावी उलटी चालते, उजवीकडे फिरवली की नाद गडद होतो. ज्यांना हे ठाऊक नाही ते स्वच्छ करायला जातात आणि अंधार करून ठेवतात. मुलांना हे फार आवडले. ढोलकी मात्र त्याखाली दबून गेली. आमचा निर्णय असा, की मोठ्या मैदानात आणि मोठ्या ड्रमबरोबर याला जागा आहे, आपल्या मांडवात नाही.

मुलांनी क्लॉन सेंटॉर या पेडलाचाही उल्लेख केला. बिल फिनेगन नावाच्या अमेरिकन कारागिराने १९९४ पासून ते बनवले. आतली रचना दिसू नये म्हणून त्याने वर काळा राळेचा थर ओतला. थोडीच बनली आणि आज जुने क्लॉन लाखांत विकले जाते. त्याच्या नकला पुष्कळ मिळतात. आम्ही ते ऐकलेले नाही आणि मंडळाने त्याचे स्वप्नही पाहू नये. तेवढ्या पैशात दोन वर्षांचा मांडव होतो.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, तो पेडलांपेक्षा वाजवणाऱ्यांसाठी आहे. खरखरीत एक स्वर सुंदर लागतो, दोन-तीन स्वर एकत्र लागले की गडबड होते. कारण छाटणी करताना पेडल त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे नाद तयार करते. सा आणि पंचम एकत्र वाजवले तर त्यांचे प्रमाण २ : ३, वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो सुरात बसतो, नाद भारदस्त होतो. मुले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो हाच, आपल्या तानपुऱ्याची जोडी. पण त्यात गंधार मिसळला की खोड निघते, कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. स्वच्छ आवाजात ते खपून जाते, खरखरीत त्याचे हेलकावे ऐकू येऊ लागतात. गेल्या वर्षी ज्येष्ठांना जो 'गोंधळ' वाटला, त्यातला काही भाग हा होता. उपाय फुकट आहे : खरखर चालू असताना सा-पंचमच वाजवावे, पूर्ण कॉर्डसाठी पाय दाबून पेडल बंद करावे.

आणि आता त्या 'चर्रर्र'कडे येतो. आमच्या मते खरा अपराधी कोणतेच पेडल नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे नाद फारसे काढतच नाही. खरखरीचे काटे तिथेच बोथट होतात. पेडलाचा नाद हा स्पीकर गृहीत धरूनच घडवलेला असतो. आपण मांडवात काय केले? जागा नाही म्हणून ॲम्प्लिफायर बाजूला ठेवला आणि पेडलाची वायर थेट लाउडस्पीकरच्या मिक्सरला लावली. मांडवाचे भोंगे आणि मोठे स्पीकर बनवलेले असतात शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून. त्यांनी तो सारा काटेरी भाग इमानाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. चौथ्या संध्याकाळी आम्ही हे करून पाहिले. तेच एसडी-१, तीच चावी, आधी ॲम्प्लिफायरमधून आणि मग थेट मिक्सरमधून. दुसऱ्या वेळी दोन्ही काका एकदम म्हणाले, "हाच तो!" मुलांनी मान खाली घातली नाही, उलट टाळ्या वाजवल्या, कारण दोष त्यांच्या वाजवण्यात नव्हता हे त्यांना त्या क्षणी कळले. उपाय सोपा. छोटा ॲम्प्लिफायर मंचाच्या मागे स्टुलावर ठेवावा, त्याच्यापुढे एक साधा माइक लावावा आणि तो माइक मिक्सरला द्यावा.

विजेबद्दल दोन शब्द, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पेडलाला नऊ व्होल्टची वीज लागते. वर नाव घेतलेल्या पेडलांपैकी बॉस आणि आयबानेझची पिन मध्यभागी ऋण असते, घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसू नये. स्वस्त अडॅप्टर पन्नास हर्ट्झची घरघर सोबत आणतो. ही किरकोळ बाब झाली. मोठी बाब अशी, की मांडवात तात्पुरती जोडणी असते. अर्थिंग नसेल आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागला तर जोराचा झटका बसू शकतो. पावसाळ्याचे दिवस, खाली ओली जमीन. म्हणून मंच आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या जोडणीवर घ्यावेत, कार्यक्रमाआधी वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे आणि मंचावर कोरडी सतरंजी घालावी.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न कायद्यानेही बांधलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, बाजारपेठेत ६५. सणांसाठी रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, वर्षात पंधरा दिवसांपुरता. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'सारखे उत्सव भरत. महेश तिनईकरांसारखा मराठी गिटारवादक ज्यात होता त्या 'रॉक मशीन', पुढे 'इंडस क्रीड', या वाद्यवृंदाची पिढी अशाच मंचांवर वाढली. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमांत ते रंगभवन अशा कार्यक्रमांना बंद झाले. शेजाऱ्यांची मर्जी गेली की मोठ्या मंचाचेही काही चालत नाही, मग आपला मांडव तर गल्लीच्या तोंडाशी. इंदरगंजात आपल्या भिंतीला भिंत लावून राहणारी कुटुंबे सगळी मराठी नाहीत. ती वर्गणी देतात, प्रसादाला येतात. त्यांच्या मुलांच्या परीक्षा आणि म्हाताऱ्यांची झोप ही आपलीही जबाबदारी आहे.

काही ज्येष्ठांचा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात, पेडल कोणतेही असो, हे वाद्य आपले नाही. ग्वाल्हेरच्या गायकीच्या दारात ते कशाला? त्यांना आदराने एक आठवण द्यावीशी वाटते. हार्मोनियम युरोपातून आली. तिचे गंधार-निषादही गिटारसारखेच ठोकून बसवलेले, तिला मींड येत नाही. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पण त्याच्या कितीतरी आधी याच ग्वाल्हेरात, राजघराण्याशी नाते असलेल्या भैया गणपतरावांनी तिच्यातून ठुमरी बोलती केली होती. गोविंदराव टेंब्यांनी तिला मराठी रंगभूमीवर मान मिळवून दिला. आज आपल्या घरात आरतीला पेटी नाही असे घर दाखवा. वाद्य परके की आपले, हे त्याच्या जन्मगावावरून ठरले नाही. कोणी किती मन लावून वाजवले यावरून ठरले. गिटारला ती परीक्षा अजून द्यायची आहे, हे खरे. पण परीक्षेला बसूच न देणे हा न्याय नव्हे.

मुलांनाही एक सांगणे आहे. मन लावून म्हणजे काय, तर जवारी लावणारा कारागीर कानशीचा एक हात मारतो आणि थांबून ऐकतो, पुन्हा एक हात मारतो आणि ऐकतो. तुमच्या पायाखालच्या डबीला तीन चाव्या आहेत. त्या तिन्ही शेवटापर्यंत फिरवणे याला कारागिरी म्हणत नाहीत. ढोलकीवाल्याचे बोट ऐकू येते का, गाणाऱ्या मुलीचा शब्द पोचतो का, हे ऐकत एकेक चावी लावा.

तेव्हा आमच्या शिफारशी अशा. मंडळाच्या कपाटासाठी एक एसडी-१ घ्यावे. ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि आपल्या तिन्ही कामांत कुठेच नापास झाले नाही. ज्या मुलाचे स्वतःचे बीडी-२ आहे त्याने अभंगाच्या साथीला ते जरूर आणावे. योग्य अडॅप्टर त्याच्यासोबतच घ्यावा आणि डबीत ठेवावा. गिटार थेट मिक्सरला लावू नये, ॲम्प्लिफायरपुढे माइक लावावा. कार्यक्रम आरतीनंतर साडेसातला सुरू करून नऊला संपवावा. आवाज जुळवण्याच्या वेळी शेवटच्या रांगेत एक ज्येष्ठ आणि एक मुलगा असे दोघे बसवावेत आणि दोघांची मान हलल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू नये.

शेवटची सूचना आमची नाही, गेल्या वर्षी उठून गेलेल्या काकांची आहे. ते म्हणाले, अभंगाला गिटारची साथ होणार असेल तर तानपुरा आपण धरू, आणि गिटार त्याच्याशी मिळवून घ्यावी. वाजवणारा मुलगा लगेच 'हो' म्हणाला. त्या तानपुऱ्याच्या तारा बदलायला झाल्या आहेत. पेडलाच्या खर्चाबरोबर तोही खर्च कार्यकारिणीने आजच मंजूर करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!